एका हंगामाचे दोन हिशेब

इंग्लंडच्या गिरणगांवांतून शनिवारची दुपार ही फुटबॉलची दुपार म्हणून ओळखली जात आली आहे, आणि या ओळखीला मोठा इतिहास आहे. १८५० च्या कारखाने-कायद्यानें कापडगिरण्यांतील स्त्रियांचें व अल्पवयीन मजुरांचें काम शनिवारीं दुपारीं दोन वाजतां थांबविण्याचें बंधन घातलें. त्यांच्यावांचून यंत्रें चालणें कठीण असल्यामुळें इतर कामगारांच्या वांट्यासहि हळूहळू ही अर्धी सुटी आली. त्या मोकळ्या दुपारींत फुटबॉलचा खेळ येऊन बसला आणि तीन वाजण्याचा ठोका हा सामन्याच्या प्रारंभाचा ठोका होऊन गेला.

परंतु खेळ आणि खेळावरील वाद या दोन निराळ्या गोष्टी आहेत. वादाला वर्षभराचा आधार मिळाला तो १८८८ सालीं. ॲस्टन व्हिला या क्लबाचे एक चालक, विल्यम मॅकग्रेगर नांवाचे स्कॉटिश कापडविक्रेते, यांनीं त्या वर्षाच्या मार्चमध्यें कांहीं प्रमुख क्लबांना पत्र पाठवून असें सुचविलें कीं, प्रत्येक संघानें दुसऱ्या प्रत्येक संघाशीं एकदां आपल्या मैदानावर व एकदां त्याच्या मैदानावर खेळावें. बारा क्लब एकत्र आले आणि ८ सप्टेंबर १८८८ रोजीं फुटबॉल लीगचे पहिले सामने झाले. त्या पहिल्या हंगामांत प्रेस्टन नॉर्थ एंड हा संघ बावीसपैकीं एकहि सामना न हरतां अजिंक्य ठरला. चषकाच्या स्पर्धेंत एका पराभवानें कथा संपते. लीगमध्यें मात्र आजचा पराभव उद्यां भरून काढतां येतो. म्हणूनच गुणांचा तक्ता हातीं आल्यावर इंग्रज कामगाराला आशेचें आणि भांडणाचें असें दुहेरी साधन मिळालें.

हें साधन पुढें वाढतच गेलें. शनिवारीं संध्याकाळीं रंगीत कागदावर छापलेलीं फुटबॉलचीं खास वृत्तपत्रें गांवोगांव निघूं लागलीं. २२ जानेवारी १९२७ रोजीं लंडनमधील हायबरी मैदानावरून आर्सेनल व शेफील्ड युनायटेड यांच्या सामन्याचें वर्णन नभोवाणीवरून प्रथमच प्रसारित झालें आणि घरीं बसलेला माणूसहि वादांत सामील झाला. आपला संघ यंदां वर चढेल कीं खालच्या श्रेणींत घसरेल, व्यवस्थापक बदलावा कीं ठेवावा, अमक्या खेळाडूवर खर्चिलेला पैसा वसूल झाला कीं नाहीं, या प्रश्नांवर मद्यगृहांत, आगगाडीच्या डब्यांत आणि कारखान्याच्या भोजनगृहांत पिढ्यान् पिढ्या खल होत आला. अशा वादांत कोणाचें मत पालटत नाहीं. पण वाद घालणारीं माणसें त्यामुळें एकमेकांना धरून राहतात.

या परंपरेंतील एक हंगाम असा आहे कीं, ज्यांत वादाचें स्वरूपच पालटलें. तो म्हणजे १९८८-८९ चा, लीगच्या स्थापनेस शंभर वर्षें पुरीं झालीं त्या वेळचा हंगाम.

त्या काळीं इंग्लिश फुटबॉलची स्थिति चांगली नव्हती. २९ मे १९८५ रोजीं ब्रसेल्स येथील हायसेल मैदानावर लिव्हरपूल व युव्हेंटस यांच्या अंतिम सामन्यापूर्वीं दंगल होऊन भिंत कोसळली आणि ३९ माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्यानंतर इंग्लिश क्लबांना युरोपांतील स्पर्धांतून दूर ठेवण्यांत आलें. फुटबॉलचा प्रेक्षक म्हणजे दंगेखोर, हें समीकरण सुशिक्षित समाजांत रूढ झालें. मैदानांवर प्रेक्षक आणि खेळाची जागा यांमध्यें लोखंडी कुंपणें उभीं होतीं. उभें राहून सामना पाहण्याच्या पायऱ्यांचे कठडे घालून कप्पे पाडलेले असत. सरकारनें तर प्रत्येक प्रेक्षकानें ओळखपत्र बाळगावें असा कायदा योजिला आणि जानेवारी १९८९ मध्यें त्याचें विधेयक पार्लमेंटपुढें आणलें.

या दृष्टीला प्रेक्षकांकडूनहि उत्तर मिळूं लागलें होतें. हायसेलच्या दुर्घटनेनंतर १९८५ मध्येंच लिव्हरपूल शहरांत फुटबॉल प्रेक्षकांची एक संघटना स्थापन झाली. १९८६ मध्यें ‘व्हेन सॅटर्डे कम्स’ हें नियतकालिक निघालें आणि त्याच्या आगेमागें अनेक क्लबांच्या पाठीराख्यांनीं आपापलीं छोटीं पत्रकें घरगुती साधनांनीं काढून मैदानाच्या दारांत विकण्यास प्रारंभ केला. त्यांत संघाच्या खेळावर टीका असे, चालकांची थट्टा असे, आणि तिकिटांपासून शौचगृहांपर्यंतच्या तक्रारीहि असत. जो वाद आजवर तोंडीं चाले तो आतां कागदावर उतरला. त्या कागदावरून एवढें तरी दिसून येई कीं, पायऱ्यांवर उभा राहणारा माणूस विचार करणारा आहे.

अशा वातावरणांत हंगाम सुरू झाला. लिव्हरपूल हा गतवर्षीचा विजेता. केनी डॅलग्लिश त्याचा व्यवस्थापक. पूर्वीच्या दोन दशकांत त्या संघानें इतक्या वेळां अजिंक्यपद मिळविलें होतें कीं, तें त्याच्याच घरचें आहे असें पुष्कळांस वाटे. आर्सेनलला मात्र १९७१ नंतर तें एकदांहि लाभलें नव्हतें. जॉर्ज ग्रॅहम या शिस्तप्रिय व्यवस्थापकानें तेथें तरुण खेळाडूंचा संघ बांधला होता. कर्णधार टोनी ॲडम्स अवघा बावीस वर्षांचा होता. आश्चर्य असें कीं, नाताळापर्यंत तक्त्याच्या अग्रभागीं या दोहोंपैकीं कोणीच नव्हता, तर नॉर्विच सिटी हा तुलनेनें लहान गांवचा संघ होता. नवीन वर्षाच्या आरंभीं आर्सेनल पुढें गेला. उलट नववर्षदिनीं मँचेस्टर युनायटेडकडून ३-१ असा पराभूत झालेला लिव्हरपूल पार मागें पडला. पण त्या पराभवानंतर तो संघ जो सांवरला तो हरेचना.

आर्सेनलचे पाठीराखे आणि लिव्हरपूलचे पाठीराखे यांच्या वादाला येथूनच धार चढली. आर्सेनलवाले म्हणत, आघाडी आमची आहे आणि तरुण पाय थकत नाहींत. लिव्हरपूलवाले म्हणत, एप्रिल-मेमध्यें कसें खेळावें हें ज्यांना ठाऊक आहे तेच अखेर जिंकतात. दोन्ही बाजूंना पुरावा होता. २३ एप्रिल रोजीं लिव्हरपूलच्या ॲनफील्ड मैदानावर दोघांची गांठ पडायची होती. तेथेंच निकाल लागेल असें सर्वजण धरून चालले होते.

तो सामना त्या दिवशीं झाला नाहीं.

१५ एप्रिल १९८९, शनिवार. शेफील्ड येथील हिल्सबरो मैदानावर एफ. ए. चषकाच्या उपांत्य फेरींत लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचा सामना होता. लिव्हरपूलच्या प्रेक्षकांना लेपिंग्ज लेन या बाजूनें प्रवेश होता. तेथें फिरत्या फाटकांची संख्या अपुरी असल्यामुळें बाहेर जीवघेणी गर्दी झाली. ती कमी करण्यासाठीं पोलिसांच्या हुकुमावरून २ वाजून ५२ मिनिटांनीं बाहेर पडण्याचें एक मोठें दार उघडण्यांत आलें. आंत शिरलेल्या लोकांपुढें एक सरळ बोगदा होता, आणि तो आधींच भरलेल्या मधल्या दोन कप्प्यांत उघडत होता. बाजूच्या कप्प्यांत जागा असतां त्या बोगद्याचें तोंड कोणीं बंद केलें नाहीं. पुढें कुंपण, मागें लोंढा, अशा स्थितींत माणसें उभ्याउभ्या चिरडलीं गेलीं. ३ वाजून ६ मिनिटांनीं सामना थांबविण्यांत आला. जाहिरातींच्या फळ्या उखडून त्यांचे स्ट्रेचर करून जखमींना वाहून नेणारे बहुतेक लोक हे प्रेक्षकच होते. त्या दिवशीं ९४ जणांचा मृत्यु झाला. पंचाण्णवावा तरुण चार दिवसांनीं वारला. मृतांत सर्वांत लहान मुलगा दहा वर्षांचा होता आणि सर्वांत वृद्ध गृहस्थ ६७ वर्षांचे होते.

लिव्हरपूलमध्यें पुढील दिवसांत ॲनफीलडचें मैदान फुलांनीं झांकून गेलें. २२ एप्रिल रोजीं, दुर्घटनेस आठवडा झाला असतां, लिव्हरपूलचें ॲनफील्ड आणि प्रतिस्पर्धी एव्हर्टनचें गुडिसन पार्क यांमधील सुमारें मैलभर अंतरावर दोन्ही क्लबांच्या गळपट्ट्यांची, तांबड्या व निळ्या रंगांची, एकच माळ गुंफण्यांत आली. ज्या गळपट्ट्यांवरून एरव्हीं भाऊभाऊ वाद घालीत, त्यांचा असा उपयोग त्या शहरानें पूर्वीं केला नव्हता.

याच दिवसांत वादाचा विषय बदलला. कोण जिंकेल हा प्रश्न मागें पडला आणि मरणाला जबाबदार कोण हा पुढें आला. बंदोबस्ताचीं सूत्रें ज्याच्या हातीं होतीं त्या पोलीस अधिकाऱ्यानें, दार प्रेक्षकांनीं बळजबरीनें उघडलें, असें सामन्याच्या अधिकाऱ्यांना सांगितलें होतें. हें खोटें होतें. चार दिवसांनीं लंडनच्या एका मोठ्या खपाच्या वृत्तपत्रानें पहिल्या पानावर असा मजकूर छापला कीं, लिव्हरपूलच्या प्रेक्षकांनीं मृतांचे खिसे कापले आणि मदत करणाऱ्या पोलिसांवर हल्ले केले. हेंहि खोटें होतें. लिव्हरपूल शहरानें त्या वृत्तपत्रावर जो बहिष्कार घातला तो पुढें दशकानुदशकें टिकला. परंतु देशांतील अनेकांना तो मजकूर खरा वाटला, कारण फुटबॉलचा प्रेक्षक कसा असतो याविषयीं त्यांचें मत आधींच ठरून गेलें होतें.

दुसरा एक वाद खुद्द पाठीराख्यांमध्यें होता. लिव्हरपूलनें चषकस्पर्धेंतून माघार घ्यावी कीं खेळत राहावें? गेलेल्यांचा मान राखावा तर खेळ थांबवावा, असें कांहींचें म्हणणें. गेलेले लोक खेळ पाहण्यासच गेले होते, म्हणून खेळणें हाच त्यांचा मान, असें इतरांचें. शोकांत असलेल्या कुटुंबांशीं विचारविनिमय करून संघानें खेळण्याचा निर्णय घेतला. ३ मे रोजीं एव्हर्टनशीं झालेला लीगचा सामना बरोबरींत सुटला. ७ मे रोजीं फॉरेस्टवर ३-१ अशी मात झाली. २० मे रोजीं अंतिम सामन्यांत, जादा वेळेनंतर, लिव्हरपूलनें एव्हर्टनलाच ३-२ नें हरवून चषक जिंकला.

इकडे आर्सेनलची घडी विसकटत होती. १३ मे रोजीं डार्बी काउंटीनें त्याला त्याच्याच मैदानावर २-१ असें हरविलें. १७ मे रोजीं विंबल्डनशीं २-२ अशी बरोबरी झाली. २३ मे रोजीं लिव्हरपूलनें वेस्ट हॅमवर ५-१ असा विजय मिळविला. आतां एकच सामना उरला होता: एप्रिलांत पुढें ढकललेला तो ॲनफीलडचा. योगायोगानें तो सर्व हंगामाचा अखेरचा सामना ठरला, आणि २६ मे या शुक्रवारच्या रात्रीं ठेवण्यांत आला.

त्या तीन दिवसांत इंग्लंडांत जितकें अंकगणित झालें तितकें क्वचितच झालें असेल. लिव्हरपूलचे गुण ७६, आर्सेनलचे ७३. विजयास तीन गुण, त्यामुळें आर्सेनल जिंकल्यास गुण समान. मग केलेल्या आणि झालेल्या गोलांची वजाबाकी पाहावयाची. लिव्हरपूलचे गोल ६५ व त्याच्यावर झालेले २६, म्हणजे शिल्लक ३९. आर्सेनलचे ७१ व ३६, म्हणजे शिल्लक ३५. आर्सेनल एका गोलानें जिंकला तर अजिंक्यपद लिव्हरपूलचेंच. दोन गोलांनीं जिंकला तर दोघांची शिल्लक ३७ वर येऊन मिळे आणि अधिक गोल करणारा म्हणून आर्सेनल विजेता ठरे. विशेष हें कीं, १९७६ पर्यंत वजाबाकीऐवजीं भागाकाराची पद्धत होती. ती चालू असती तर दोन गोलांचा विजयहि आर्सेनलला पुरला नसता. पण ॲनफील्डवर दोन गोलांनीं जिंकणार कोण? १९७४ नंतर आर्सेनलनें तेथें एकहि सामना जिंकला नव्हता. लंडनमधील जाणते पाठीराखेहि हा हिशेब मांडून खडू खालीं ठेवीत होते.

सामन्यापूर्वीं आर्सेनलचे खेळाडू हातांत पुष्पगुच्छ घेऊन मैदानावर आले आणि प्रेक्षकांकडे जाऊन त्यांनीं ते त्यांच्या स्वाधीन केले. त्यानंतर खेळ सुरू झाला. ग्रॅहमनें जोराचा हल्ला करण्याऐवजीं बचावांत एक खेळाडू वाढविला होता. दोन गोल हवे असतां बचाव कसला, असा आक्षेप मध्यंतरापर्यंत अनेकांच्या मनांत असणार, कारण तोंवर एकहि गोल झाला नाहीं. ५२ व्या मिनिटास ॲलन स्मिथनें डोक्यानें चेंडू गोलांत सारला. लिव्हरपूलच्या खेळाडूंनीं हरकत घेतली. पंचांनीं रेषेवरील सहकाऱ्यास विचारून गोल मान्य केला. त्यापुढें दुसरा गोल होईना. नव्वद मिनिटें संपलीं. वाढीव वेळांत गोलरक्षक जॉन लुकिकनें चेंडू डिक्सनकडे फेंकला, डिक्सननें तो लांब स्मिथकडे धाडला, स्मिथनें मायकेल थॉमसच्या पुढें टाकला. थॉमस एका बचावपटूला चुकवून गोलरक्षकासमोर आला, क्षणभर थांबला, आणि गोल झाला. ०-२. दूरदर्शनवर लक्षावधि लोक हें पाहत होते. थोड्याच क्षणांत हंगाम संपला.

त्यानंतर जें घडलें त्याची नोंद अधिक महत्त्वाची आहे. घरच्या मैदानावर अखेरच्या क्षणीं अजिंक्यपद गमावलेल्या लिव्हरपूलच्या प्रेक्षकांनीं आर्सेनलच्या खेळाडूंना टाळ्या वाजवून गौरविलें. ज्यांना जनावरें समजून कुंपणांत कोंडलें जात होतें आणि सुमारें पांचच आठवड्यांपूर्वीं ज्यांच्यावर मृतांना लुटल्याचा आरोप छापला गेला होता, तींच हीं माणसें होतीं.

हा झाला एक हिशेब. तो एका रात्रींत चुकता झाला. दुसऱ्यास सत्तावीस वर्षें लागलीं.

न्यायमूर्ति टेलर यांच्या चौकशीपुढें प्रेक्षकांच्या संघटनेनें आपली बाजू मांडली. ऑगस्ट १९८९ च्या अंतरिम अहवालांत टेलर यांनीं पोलिसांचें नियंत्रण कोलमडणें हेंच दुर्घटनेचें मुख्य कारण ठरविलें. जानेवारी १९९० च्या अंतिम अहवालानंतर ओळखपत्राची योजना बारगळली. तरीहि मार्च १९९१ मध्यें मृत्युचौकशीच्या ज्यूरीनें अपघाती मरण असा निर्णय दिला, आणि दुपारीं सव्वातीननंतर काय घडलें याचा विचारच त्या चौकशींत झाला नाहीं. मृतांच्या आप्तांनीं तो निर्णय मानला नाहीं. १९९३ मध्यें शहाण्णवावा बळी गेला; तो तरुण तोंवर बेशुद्धावस्थेंत होता. आयाबाप म्हातारे झाले, कित्येक वारले, पण मागणी सोडली गेली नाहीं. सप्टेंबर २०१२ मध्यें एका स्वतंत्र मंडळानें कागदपत्रें उघड केलीं, तेव्हां दिसून आलें कीं, पोलिसांच्या १६४ निवेदनांत फेरफार झाले होते, आणि त्यांपैकीं ११६ निवेदनांतून पोलिसांस प्रतिकूल मजकूर काढला किंवा बदलला गेला होता. जुना निर्णय रद्द झाला. २६ एप्रिल २०१६ रोजीं नव्या ज्यूरीनें सांगितलें कीं, हीं माणसें बेकायदा रीतीनें मारलीं गेलीं आणि प्रेक्षकांच्या वर्तनाचा त्यांत कांहींहि भाग नव्हता. त्या पोलीस अधिकाऱ्यावर पुढें फौजदारी खटला झाला. २०१९ मध्यें तो निर्दोष सुटला. २०२१ मध्यें त्या दिवशींच्या जखमांनीं आणखी एकाचा मृत्यु होऊन संख्या ९७ झाली.

मैदानांचें रूप पालटलें. कुंपणें निघालीं. वरच्या श्रेणींतील मैदानांत १९९४ च्या ऑगस्टपर्यंत सर्वत्र बैठकी कराव्या असा दंडक आला आणि ॲनफीलडच्या प्रसिद्ध ‘कॉप’ पायऱ्यांवर ३० एप्रिल १९९४ रोजीं लोक अखेरचे उभे राहिले. १९९२ मध्यें प्रीमियर लीग निघाली, दूरदर्शनचा पैसा आला आणि तिकिटेंहि महागलीं. जीव सुरक्षित झाला, पण ज्यांनीं ही परंपरा घडविली त्यांतील पुष्कळांना दार परवडेनासें झालें. यांतील किती अपरिहार्य होतें आणि किती नव्हतें, यावर पाठीराखे अद्याप भांडतात.

आणि थॉमस? १९९१ च्या डिसेंबरांत तो लिव्हरपूलच्याच संघांत दाखल झाला. ज्या मैदानाचें अजिंक्यपद त्यानें हिरावून नेलें होतें त्याच मैदानावर त्याचा तांबडा अंगरखा आतां आपला ठरला, आणि १९९२ च्या चषकाच्या अंतिम सामन्यांत त्यानें लिव्हरपूलसाठीं गोलहि केला. १९८९ चा तो गोल कौशल्याचा कीं नशिबाचा, हा वाद उभय शहरांतील जुने पाठीराखे अजून घालतात. दुसऱ्या हिशेबाविषयीं मात्र लिव्हरपूल आणि एव्हर्टन यांच्या पाठीराख्यांत वाद नाहीं. दर वर्षीं १५ एप्रिलला ते तीं सत्याण्णव नांवें आठवतात.